एडविनच्या ट्रॅक्टरचं साल

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो मिलो द्वोराचेक माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. दर रविवारी आम्ही एका टेबलावर जेवतो. या माणसाला थाप मारायची म्हटली तरी मारता येत नाही.

आणि यात रात्रीचं काही नाही. जे झालं ते भर दिवसा झालं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, सोमवार ते शुक्रवार. नेब्रास्कात, बिग ब्लू नदीच्या अलीकडे, पोस्पिशिलांच्या शेतावरची पत्र्याची शेड.

मिलोने चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काढली. जुना ट्रॅक्टर कुठल्या सालचा, त्यातलं मूळचं काय आणि मागाहून चिकटवलेलं काय, हे आमच्या भागात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्याचा त्याला तोराही आहे.

म्हणूनच इर्मा पोस्पिशिलने त्याला बोलावलं. इर्मामावशी शहाऐंशी वर्षांची. शेडमधला लोखंडी चाकांचा, दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर तिच्या वडिलांनी कोरा घेतलेला. पुढे तिचा भाऊ एडविन याने तो जन्मभर सांभाळला. लग्न केलं नाही, पण ट्रॅक्टरला दुसऱ्या गाडीचा साधा नटही लागू दिला नाही. एडविनला जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर ड्वेन या भाच्याने गावच्या मिरवणुकीत चालवायला म्हणून त्याला कुठले कुठले भाग जोडले.

आता ड्वेनला तो विकायचा होता. घेणारा तो तोडून भाग वेगळे करणार होता. गावच्या संग्रहालयाची मात्र ठेवून घ्यायची तयारी होती. अट दोनच. मिलोने साल आणि मूळचे भाग लिहून द्यायचे, आणि शनिवारी मंडळी बघायला येतील तेव्हा इंजिन चालू करून दाखवायचं.

"एडविनला शेवटच्या घटकेला शब्द दिलाय मी," मावशी म्हणाली. "तो तुटू देणार नाही म्हणून. तेवढं बघ बाबा."

सोमवारी मिलो कामाला लागला आणि पहिल्याच तासाला त्याचं डोकं फिरलं.

नंबराची पितळी पाटी जागेवर नव्हती. नुसती रिव्हेटची चार भोकं.

मग बिडाच्या प्रत्येक भागावर ओतकामाची तारीख बारीक आकड्यांत उठवलेली असते, ती शोधायची. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, रंग खरवडायचा, भिंग लावायचं. मोठं धूड एकोणीसशे पंचविसाचं निघालं. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो छत्तिसाचा. कार्ब्युरेटर आणखी कुठला तरी. ड्वेनने सगळ्यावर एकच हिरवा रंग फासून ठेवला होता. मिलो त्याला शिव्या घालत वहीत बरोबर आणि फुल्या लिहीत गेला.

मंगळवारी सकाळी तो शेडमध्ये शिरला...

मॅग्नेटो ट्रॅक्टरवर नव्हता.

तो खाली गोणपाटावर होता. शेजारी त्याचे बोल्ट. लांबीप्रमाणे, ओळीत मांडलेले.

मिलोने तडक ड्वेनला फोन लावला आणि त्याची खरडपट्टी काढली. ड्वेन शंभर मैलांवर, कामावर होता. त्याने शपथेवर सांगितलं की महिनाभर तो तिकडे फिरकलेला नाही. मिलोला ते पटलं नाही. त्याने तासभर घालून मॅग्नेटो पुन्हा बसवला, बोटांची सालटी काढून घेतली. संध्याकाळी शेडला नवं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

बुधवारी कुलूप जसंच्या तसं होतं.

मॅग्नेटो खाली होता.

कार्ब्युरेटरही खाली होता.

मिलोने कार्ब्युरेटरच्या बोल्टची डोकी भिंगाखाली धरली. पाना लावला की रंग खरवडतोच. इथे... एक ओरखडा नव्हता.

तो घाबरला नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. तो चिडला. तीन दिवस उरलेत, इंजिन चालू करायचंय, आणि आपण जोडावं अन् कुणी तरी सोडवावं? तो मावशीच्या स्वयंपाकघरात गेला आणि किल्ली आणखी कुणाकडे आहे का म्हणून तिला विचारलं. ती कोलाचेच्या गोड पावांसाठी पीठ मळत होती. तिने हातही थांबवला नाही.

"एडविन असाच करायचा. शेजाऱ्याने नवीन भाग बसवून दिला, की हा दुसऱ्या दिवशी काढून गोणपाटावर ठेवायचा. बोलायचा काही नाही. नुसता काढून ठेवायचा."

"मावशी, एडविन गेला."

"मला सांगतोस होय? माती मी लोटली."

मिलो पाय आपटत परत शेडमध्ये आला. दोन्ही भाग त्याने पुन्हा बसवले.

त्या दुपारी त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं... शेडमध्ये एकही चिमणी नव्हती. बाहेर धान्याच्या कोठीवर थव्याने होत्या. आत घरट्यांच्या काड्या होत्या. चिमणी नव्हती. मावशीचं मांजर दारापर्यंत येत होतं, उंबऱ्यावर बसत होतं. आत येत नव्हतं.

गुरुवारी गोणपाटावर तीन वस्तू होत्या. तिसरी म्हणजे इंजिनाच्या बाजूचं बिडाचं झाकण.

आणि ते बघून मिलोला आनंद झाला. कारण ते झाकण मूळचं होतं. त्याने स्वतः तारीख वाचून वहीत बरोबरची खूण केली होती. म्हणजे हा जो कोण आगाऊ होता, त्याला काडीची अक्कल नव्हती.

झाकण त्याने उजेडात नेलं. ब्रशने पुन्हा घासलं. भिंग लावलं...

पंचवीस नव्हतं. एकोणतीस होतं.

नवाच्या पोटात रंग भरला होता. त्याने पाच वाचला होता.

चाळीस वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती. वहीतली खूण खोडून त्याने फुली मारली. माझी बहीण अर्लीन म्हणते, रात्री जेवताना त्याने एकच वाक्य उच्चारलं.

"त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

शुक्रवार उजाडला. दुपारचे पावणेचार. आभाळ भरलेलं, पत्र्यावर वारा आदळत होता. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा एक आकडा तेवढा वाचायचा राहिला होता. खालून दिसेना, म्हणून मिलो वर चढून एडविनच्या जागेवर बसला. टॉर्च धरून वाकला.

वारा थांबला.

त्याला वाटलं, बरं झालं. पण पत्रा तर हलताना दिसत होता... आवाज मात्र नाही. त्याने कानाला हात लावला.

कानातलं यंत्र नव्हतं.

त्या यंत्राशिवाय मिलोला दाराची बेलही ऐकू येत नाही. त्याने खाली पाहिलं. गोणपाटावर मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, झाकण. त्यांच्या ओळीत, सारखं अंतर सोडून... त्याच्या कानातलं यंत्र.

आणि तेवढ्यात त्याला ऐकू आलं.

पत्र्याच्या डब्यात नट पडल्याचा आवाज. टण्ण.

मग सगळं धूसर झालं. नाकावर चष्मा नव्हता. चष्मा निघताना त्याला स्पर्श झाला नाही, कानाची पाळीही हलली नाही. नव्हता, एवढंच.

उठावं म्हणून त्याने पाय टेकला.

बारा वर्षांपूर्वी मिलोची नडगी मोडली होती. आत पोलादी पट्टी आहे, सहा स्क्रू लावलेली. त्या जागेवर, पँटच्या आत... गार काहीतरी टेकलं. बोटाएवढं. ते वरून खाली आलं. एकेका स्क्रूवर थांबत आलं. मोजत होतं.

मग ते परत वर गेलं आणि पहिल्यावर थांबलं.

मिलोने आयुष्यभर हजारो नट सोडवलेत. समोरचा आता काय करतोय, हे त्याला लगेच कळलं. आधी जरा उजवीकडे... घट्ट आहे का बघायला.

मग डावीकडे.

तो सांगतो की दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. हाडात काहीतरी सैल झाल्याचं नुसतं कळलं.

त्याच्या तोंडून शब्द फुटले तेही रागाचेच होते.

"एडविन, ते राहू दे. ते माझं आहे. ते काढलंस तर मी उभा कशावर राहू?"

ते थांबलं.

किती वेळ गेला, ते त्याला सांगता येत नाही. नंतर तो सरपटत खाली उतरला आणि हातापायांवर दारापर्यंत आला. मांजर उंबऱ्यावरच बसलं होतं. मिलोच्या मागे काहीतरी दिसत असावं तसं ते मान वर करून बघत होतं.

चष्मा आणि यंत्र मावशीने आणून दिलं. ती आत गेली, वस्तू घेऊन आली. तिला काही झालं नाही.

शनिवारी मंडळी आली. इंजिन चालू झालं नाही. मिलोने भाग बसवलेच नव्हते. त्याने कागद पुढे केला. ट्रॅक्टर पंचविसाचा, आता त्यावर आहे ते सगळं मूळचं, खाली आहे ते नाही. मंडळी बराच वेळ कुरकुरली. पाटी कुठे आहे म्हणाली, आवाज तरी ऐकायला हवा होता म्हणाली. मिलो हुज्जत घालत राहिला आणि शेवटी त्यांनी ट्रॅक्टर ठेवून घेतला. मावशी रडली. ड्वेन पंधरा दिवस फुगून बसला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

महिन्याभराने मिलोने पायाचा फोटो काढून घेतला. सहापैकी सगळ्यात वरचा स्क्रू दीड फेरा बाहेर आला होता. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, इतक्या वर्षांनी. ते बरोबरही असेल.

मी मिलोला म्हटलं, तू सांगितलंस आणि त्याने ऐकलं, बाकीचं सोडून दे आता.

तो वैतागून म्हणाला, "ऐकलं की नाही, हेच तर कळत नाही. चार वाजले असतील. एडविन चारला काम थांबवायचा."

गेल्या रविवारी आम्ही जेवत होतो. भाजलेलं डुकराचं मांस, डंपलिंग, आंबवलेला कोबी. मिलोचा डावा हात टेबलाखाली गेला. हल्ली जातोच. नडगीवर बोट दाबत तो वर आलेला एक स्क्रू चाचपतो. आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो.

या वेळी हात लवकर वर आला नाही.

अर्लीनने विचारलं, काय झालं.

त्याने काटा खाली ठेवला.

"बोटाला दोन लागतायत," तो म्हणाला.