निळ्या चौकड्याचं ठिगळ

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ती गोधडी आजही माझ्या घरात आहे, एवढं मात्र मी शपथेवर सांगते.

ही हकीकत माझ्या पणजीची. ऑर्फा तिचं नाव. अमेरिकेतल्या नेब्रास्काचा उघडा माळ, १८७४ चा जानेवारी, बर्फाचं वादळ. भरदुपारी अंधारून आलं होतं.

घर मातीच्या ढेकळांचं. माळावर झाडच नाही, मग फळ्या कुठल्या? दाराच्या जागी गोधडी टांगलेली. जुनं कापड कुणी टाकत नसे. चिंधी मिळाली की गोधडीला लागायची. कुठून आली, हेही कुणी विचारत नसे.

शेजारची थर्झा वादळामुळे ऑर्फाकडेच अडकली होती. तिचा नवरा ईनस सुगीनंतर गायब झाला होता. बायकोला टाकून पळाला, असं सगळे म्हणत. सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा ऑर्फाचा नवरा, लायमन. त्याची विहीर कोरडी निघाली होती. ती त्यानं बुजवली आणि ईनसच्या विहिरीवरून पाणी भरू लागला.

"तुझा ईनस तिकडे कॅलिफोर्नियात ऊन खात बसला असेल," लायमन हसत म्हणाला. "आणि तू बस इथे सुईनं बोटं टोचून घेत."

"माझी बोटं, मी टोचून घेईन. तुला का दुखतंय?" थर्झा म्हणाली.

तेवढ्यात...

दारावर थाप पडली. लाकडावर पडावी तशी.

तिघांनीही दाराकडे पाहिलं. गोधडीवर थाप वाजेल कशी?

"वारा आहे," लायमन म्हणाला.

पण वारा मागच्या भिंतीकडून येत होता.

पुन्हा थाप.

गोधडी मधोमध आत फुगली... बरोबर निळ्या चौकड्याच्या ठिगळापाशी. ते ठिगळ हळूहळू ओलं झालं. जमिनीवर थेंब पडला. लाल.

थर्झा उठली. तिनं ठिगळावरून बोट फिरवलं.

"ऑर्फा, हे कापड कुठलं गं?"

"लायमननं चिंध्यांच्या पिशवीत टाकलं होतं. का गं?"

"हे लाल टाके माझे आहेत. ईनसचा शर्ट शिवताना पांढरा दोरा संपला होता, म्हणून लाल घेतला. ईनस गेला तेव्हा हाच शर्ट अंगात होता."

ऑर्फानं वळून लायमनकडे पाहिलं. माणूस मारायला लायमनचा हात कचरला नव्हता. चांगलं कापड जाळायला मात्र कचरला होता.

लायमननं चुलीजवळची कुऱ्हाड उचलली.

"दोघींना वादळानं खाल्लं म्हणून सांगेन," तो शांतपणे म्हणाला. "बर्फ वितळेपर्यंत कोण शोधतंय?"

पहिल्या घावातच थर्झाचा उजवा खांदा फाटला. ऑर्फा मध्ये पडली. त्यानं दांड्यानं तिचे दात पाडले. तरी तिनं त्याचा पाय धरला आणि उरलेल्या दातांनी कडकडून चावा घेतला. त्यानं तिला लाथाडलं, कुऱ्हाड पुन्हा उचलली...

आणि गोधडी खिळ्यांवरून सुटली.

ती वाऱ्याच्या उलट आली. लायमनच्या तोंडावर बसली. आवळत गेली. आत काहीतरी मोडलं. मग पुन्हा मोडलं.

"ईनस, सोड मला," तो आतून किंचाळत होता.

मग त्याला कुणीतरी दाराबाहेर ओढत नेलं.

ऑर्फा सरपटत दारापाशी गेली. बर्फावर फरफटल्याची खूण होती, बुजवलेल्या विहिरीच्या दिशेनं. त्या खुणेच्या पुढे अनवाणी पावलं. फक्त जाणारी...

बर्फ वितळल्यावर गावकऱ्यांनी बुजवलेली विहीर खणली. वरची माती घट्ट होती, कुणी उकरल्याची खूण नव्हती. तळाशी ईनस, उघड्या अंगानं. त्याला बिलगून लायमन. लायमनचं हाड न् हाड मोडलेलं.

काठावर गोधडी होती. कोरडी. नीट घडी घातलेली.

निळ्या ठिगळाशेजारी एक नवं ठिगळ होतं. लायमनच्या शर्टाचं. लाल दोऱ्यानं शिवलेलं.

ऑर्फानं ते शिवलं नव्हतं. आणि थर्झाचा उजवा हात तर त्या दिवसापासून उचलला जातच नव्हता.

आईमागून गोधडी माझ्याकडे आली. गेल्या रविवारी ऊन द्यायला बाहेर काढली, तर...

तिसरं ठिगळ दिसलं.

हिरव्या रेघांचं. लाल टाके. तो शर्ट मी ओळखते. माझ्या भावाला मीच दिला होता. त्याचा धंद्यातला भागीदार ऑक्टोबरपासून बेपत्ता आहे. भाऊ म्हणतो, पळून गेला.

मी अजून भावाला फोन केलेला नाही. त्यानं उचलला नाही तर, ही भीती आहेच. उचलला तर त्याला काय विचारू, तेही कळत नाही.