हलव्याला काटा येईना

कराडच्या पुढं उसाची ट्रॉली चुकवताना एसटीनं असा गचका दिला, की चारुशीलाच्या मांडीवरचं खोकं उसळलं आणि तिच्याआधी शेजारच्या माणसाचे हात त्याखाली गेले.

"अलगद…" ती पुटपुटली. "अलगद धरा हं."

"केक आहे?"

"दागिने आहेत."

तो तिच्याकडं किंचित झुकला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मग असं अनोळखी माणसाला सांगायचं नसतं."

"हलव्याचे आहेत," ती म्हणाली. "पळवलेत तर मुंग्याच तुम्हाला पकडून देतील."

तो हसला आणि तीही हसली. हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, कारण दिवाळीपासून हसण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

त्याचं नाव निमिष. तो सांगलीचा होता. कुपवाडच्या एमआयडीसीत वडिलांचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा लहानसा कारखाना होता, तो आता हाच सांभाळायचा. त्यानं सहज विचारलं आणि इस्लामपूर येईपर्यंत चारुशीलानं त्याला सगळं सांगून टाकलं. ती पाचगणीच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करत होती. वडील गेले, पाठोपाठ आईच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा नोकरी सोडून ती साताऱ्याला आली. आईच्या हाताला हलवा असा यायचा, की एकेका दाण्यावरचा काटा बोटाला टोचावा. म्हणून दसऱ्याला तिनं हलव्याच्या दागिन्यांचं ऑनलाईन दुकान उघडलं. गच्चीत चादर अंथरून फोटो काढले आणि ओळखीच्या झाडून सगळ्यांना लिंक पाठवली. सगळ्यांनी अंगठे पाठवले, 'किती छान गं' म्हटलं. घेतलं मात्र कुणीच नाही. पहिली ऑर्डर फलटणहून आली. ती कुरिअरमधून पोचली तेव्हा खोक्यात नुसता चुरा होता, आणि त्या बाईंनी त्या चुऱ्याचा फोटो दुकानाच्या पानावर लावला. तेव्हापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. आता ही दुसरी ऑर्डर, सांगलीतल्या एका नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी. ती कुरिअरच्या हाती द्यायचा तिला धीर होईना, म्हणून स्वतःच घेऊन निघाली होती.

सांगायचं टाळलं ते एवढंच, की पुण्याच्या भावानं, वीरधवलनं, तिला बजावलं होतं. या संक्रांतीला दुकान चाललं तर ठीक, नाहीतर आईला घेऊन माझ्याकडं ये. आईला पुण्याला जायचं नव्हतं. ती तसं म्हणत नव्हती, नुसती दिवसभर शेगडीपुढं बसून राहायची.

सांगलीत उतरल्यावर निमिष 'वाटेतच आहे' म्हणत गावभागापर्यंत तिच्यासोबत आला. ते त्याच्या वाटेत मुळीच नव्हतं, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

दार एका वयस्क बाईंनी उघडलं. त्यांनी खोक्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला नाही. सून गेल्या आठवड्यात माहेरी निघून गेली, परत यायची नाही, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. ऑर्डर रद्द करायचं घरात कुणाला सुचलं नव्हतं. त्या पैसे द्यायला निघाल्या, पण चारुशीलाला ते घेववेनात. ती खोकं घेऊन पायऱ्या उतरली.

निमिष कोपऱ्यावर थांबला होता. तिच्या हातात खोकं तसंच पाहून त्यानं हात पुढं केले. म्हणाला, "मला द्या. मी घेतो विकत."

"लग्न झालंय तुमचं?"

"नाही."

"मग कोण घालणार हे?" तिनं खोकं छातीशी धरलं. "कीव करून घेणारं गिऱ्हाईक नको मला. दुकान चालतंय असं मला उगाच वाटत राहील."

तो कानापर्यंत लाल झाला. पायानं एक खडा इकडून तिकडं ढकलत राहिला… "बरं. विकत नको. पण खोकं तरी बदलू द्या. हे शर्टाचं खोकं आहे. त्यात तुमची कारागिरी टिकायची नाही."

आणि मग सुरू झालं ते पार्सलांचं येणं-जाणं. निमिष नव्या बांधणीचं रिकामं खोकं साताऱ्याला पाठवायचा. चारुशीला त्यात एखादा हार, एखादा बाजूबंद बसवून ते सांगलीला परत करायची. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आज मुकुट तुटला. आज कंबरपट्टा शाबूत, पण बांगडी गेली. तुटलेल्याचं काय करता, असं तिनं एकदा विचारलं.

"खातो."

"सगळं?"

"तुमच्या हातचं टाकवत नाही."

"आईच्या हातचं आहे ते."

"मग आईंना सांगा, पोरगा गोडावर जगतोय," तो म्हणाला. चारुशीला गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. समोर अजिंक्यतारा धुक्यात बुडत चालला होता, आणि हवेतला गारठा तिला अजिबात जाणवत नव्हता.

एक दिवस फोन आला. एकही दाणा निखळला नव्हता.

"वा," चारुशीला म्हणाली. खरं तर तिनं आनंदानं नाचायला हवं होतं. पण आता आणखी पार्सलं पाठवायला कारणच उरलं नव्हतं…

"अजून एकदा बघूया का?" त्यानं विचारलं. "खात्री म्हणून."

"बघूया," ती लगेच म्हणाली.

तो अजून एकदाचा प्रयोग त्यानं कारखान्याच्या पत्र्यावर चढून केला. खोकं वरून खाली टाकलं, उघडलं, आतला मोरमुकुट तळहातावर घेऊन दाखवला आणि तो व्हिडिओ तिच्या दुकानाच्या पानावर लावायला पाठवला. चारुशीलाला वाटलं, याला कोण बघतंय. पण लोकांनी तो बघितला, एकमेकांना पाठवला. कराडहून ऑर्डर आली. मिरजेहून आली, वाईहून आली. शिराळ्याहून एका बाळाच्या बोरन्हाणासाठी आली. आईनं शेगडी दोन्ही वेळ पेटवायला घेतली. पातेल्यात बोटं फिरवता फिरवता ती गुणगुणू लागली, आणि चारुशीलाला वाटलं, बास… आता पुणं नको.

संक्रांत आठवड्यावर आली आणि आभाळ भरून आलं.

अवेळी आलेला तो पाऊस धड कोसळेना आणि धड जाईना. भिंती ओलसर झाल्या, मीठ पाझरलं. हलव्याला कोरडी थंडी लागते. आई थेंब थेंब पाक सोडत पातेलं हलवत राहिली, पण दाण्यांवर काटा येईना. ते एकमेकांना चिकटून गोळा व्हायचे. आधीचा तयार हलवाही घाम फुटल्यासारखा ओला झाला. चारुशीलानं खोलीत निखारे ठेवले, तांदळाच्या डब्यात दाणे पुरून पाहिले. आईच्या बोटांना फोड आले. तरी ती उठेना, तेव्हा चारुशीलानंच शेगडी विझवली.

"राहू दे, आई."

आईनं तिच्याकडं पाहिलं. "मला वाटलं होतं, जमेल," एवढंच ती म्हणाली.

निमिष भिजत साताऱ्याला आला. चारुशीला एकेका गिऱ्हाईकाला फोन करून माफी मागत होती आणि तो समोर खुर्चीत बसून होता. एक बाई रागावल्या. एकीनं ऐकून घेतलं आणि न बोलता फोन ठेवला. ते जास्त जड गेलं. निमिषनं दोनदा तिच्या हातातून फोन घ्यायचा प्रयत्न केला, तिनं दिला नाही. गिऱ्हाईकं तिची होती. मिळवायला इतके दिवस लागले होते, घालवायला एक दुपार पुरली.

शेवटचा फोन शिराळ्याचा. तो बाळाच्या आजीनं, हरणाबाईंनी घेतला. चारुशीलाचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "आवं ताई, मग त्यात काय झालं? रथसप्तमीपत्तोर चालतंय की बोरन्हाण. आमचा ल्योक मिल्ट्रीत हाय, त्यालाबी सुट्टी पुढंच घावलीया. आमास्नी घाई न्हाई. निवांत करा तुमी."

चारुशीला फोन खाली ठेवून बसून राहिली. ही कीव नव्हती. त्यांना खरोखरच नंतर हवं होतं.

संक्रांत अशीच रिकामी गेली. त्यानंतर आभाळ निवळलं, थंडी पडली, आणि आईनं एका बाळापुरता हलवा केला, टोचणाऱ्या काट्याचा. वीरधवल येऊन सामान बांधू लागला होता. तो वाईट नव्हता. आईची शेगडी त्यानं जपून गुंडाळली. चारुशीलानं दुकानाचं पान बंद केलं आणि ती शिराळ्याला निघाली. निमिष परस्पर तिथं आला.

अंगणात भगव्या सतरंजीवर बाळाला, शंभूराजला बसवलं होतं. डोक्यावर मोरमुकुट, गळ्यात हार, हातात हलव्याची बासरी. रजेवर आलेला त्याचा बाप पोराकडं बघतच राहिला होता. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे डोक्यावरून ओतले तशी पोरं वेचायला धावली. शंभूराजनं मात्र जागचं न हलता बासरी तोंडात घातली आणि कडकन चावली. सगळे हसले. हरणाबाईंनी चारुशीलाच्या ओंजळीत बोरं घातली आणि पुढच्या साली लेकीकडच्या नातीचं बोरन्हाण धरून ठेवा म्हणाल्या. पुढच्या साली दुकान नसणार, हे चारुशीलाला सांगवेना.

परतताना दोघं स्टँडकडं चालत निघाली. ऊन उतरलं होतं.

"उद्या पुण्याला चाललो आम्ही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"एक सांगायचं होतं." ती थांबली. "मला तुम्ही आवडता. मघापासून नाही… पुष्कळ दिवस झाले."

तोही थांबला. मग सावकाश म्हणाला, "दुकान बुडालं म्हणून म्हणत नाही ना?"

"दुकान चाललं असतं तर बोलायला धजले नसते. तुम्ही नाही म्हणालात तर खोक्यांचं काय, याची भीती वाटली असती. आता घालवायला काही उरलंच नाही, म्हणून धीर झाला."

"मी तर पार्सलची वाट बघता बघता…" त्याला पुढचं जमेना. "आईंना पुण्यात स्थिरस्थावर करा. तुम्ही म्हणाल तेव्हा येतो, तुमच्या भावाला भेटायला."

"रविवारी या."

"या रविवारी?"

"या रविवारी."

त्यानं तिचा हात हातात घेतला. आणि मग, चुरा झाला तेव्हा नाही, गावभागातल्या त्या दारात नाही, शेगडी विझवताना नाही, चारुशीला आता, शिराळ्याच्या रस्त्यात, तिच्या बुडालेल्या दुकानासाठी रडली. निमिष तिला गप्प करायला गेला नाही. ती रडून मोकळी होईपर्यंत तो तिचा हात धरून तसाच उभा राहिला.