बिच्छंदची हाक

आत येऊन बसा, ओसरीवर वारं लागेल. ध्रुबची नाव यायला अजून अवकाश आहे. नवऱ्याचं नाव घेते म्हणून दचकू नका. सासू होती तोवर मीही 'ऐकलंत का' करायची, आता कोण रागावणार आहे! सकाळी तुम्ही विचारलंत ना, धाकटा दीर आमच्याशी बोलत का नाही म्हणून? भांडण नाही हो. भांडण असतं तर मी केव्हाच मिटवलं असतं, नाहीतर डोकं तरी फोडलं असतं.

पूस महिन्यातली सकाळ होती. ध्रुब पहाटेपासून मचाणावर पाखरांच्या पहाऱ्याला होता, त्याला मुढी, म्हणजे तुमचे चुरमुरे, आणि सुखुआची, सुक्या मासळीची, चटणी पोचवायची, एवढंच माझं काम. त्याने नावेतच बसून खाल्लं आणि म्हणाला, "चल, तुला काठावर सोडतो." धुकं इतकं होतं की त्याच्या हातातल्या बांबूचं टोक दिसत नव्हतं. कुजक्या नळगवताचा वास येत होता, आणि बांबू चिखलातून उपसताना होणारा चुबुक चुबुक आवाज. बाकी अख्खं चिलिका सरोवर गप्प.

आमचा पाडा शिकाऱ्यांचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. बापजाद्यांनी पाखरं मारली आणि पोरांनी राखायची ठरवली, तेव्हा म्हाताऱ्यांनी सगळ्यांना गावदेवीच्या, ठाकुराणीच्या ओट्यावर नेऊन शेंदराच्या दगडावर हात ठेवायला लावला. "पुन्हा पाखरू मारलं, तर माझी आणि माझ्या पोराबाळांची हाक माझ्या घराला ऐकू येऊ नये." शपथ मुद्दाम अशी घातली. चिलिकात उतरणाऱ्या माणसाजवळ हाकेशिवाय दुसरं असतं काय? ध्रुबने ती रडत घेतली. बिच्छंदने, म्हणजे याच धाकट्या दिराने, हसत घेतली. त्याचं सगळंच हसत चालायचं.

तर नळबनाच्या वळणावर एक बदक ओरडायला लागलं. अगदी जवळ, हात लांबवला तर लागेल इतकं.

क्वाक्... क्वाक्...

"तलवार बदक," ध्रुब कुजबुजला. "मादी आहे."

"अडकलीय की काय कशात? बघू या का?"

"वेडी आहेस? धुक्यात थवा उठवलास तर विजेच्या तारांना आपटून मरतील."

"अहो पण... कुणी माणूस आवाज काढत असेल तर? चोरून शिकार करणारा?"

तो हसला. "माझ्यासमोर? अगं, हा आवाज काढण्यात माझी हयात गेली. माणसाचा गळा मला कळणार नाही? हे पाखरूच आहे."

पहारेकऱ्यांचा नियमच आहे, पाखरू जवळ ओरडलं की नाव वळवायची, त्याला त्रास द्यायचा नाही. ध्रुबने नाव वळवली. तसं ते बदक जिवाच्या आकांताने ओरडायला लागलं. श्वासही घेईना. आम्ही लांब जात राहिलो आणि ते मागून ओरडत राहिलं... ओरडत राहिलं. मला रडू यायला लागलं. का, ते माझं मलाच कळेना. मग आवाज बंद झाला.

ऊन पडल्यावर पलीकडच्या गावच्या कोळ्यांनी बिच्छंदला आणून अंगणात टाकलं. नळबनात छातीपर्यंत चिखलात रुतला होता. भोवती मेलेली बदकं तरंगत होती आणि कमरेला विष चोळलेल्या भाताची पिशवी. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीला बदकं हवी होती म्हणे. आग लागो त्या पंगतीला!

कोळ्यांचा म्होरक्या नाखुडी, तो ध्रुबवरच उखडला. "कान फुटलेत का तुझे? 'नना, भाउज, वाचवा' करत थोरल्या भावाला, वहिनीला हाका मारून याने आभाळ डोक्यावर घेतलं होतं. आम्ही कोसभरावरून ऐकून आलो!"

"आम्ही तिथेच होतो," ध्रुब म्हणाला. "तिथे कुणी नव्हतं... एक बदक होतं."

बिच्छंदने मान वर केली. आमच्याकडे पाहून तोंड उघडलं.

क्वाक्, असं आलं त्या तोंडातून.

माझ्या हातातली कळशी पडली. उंबऱ्यात त्याची बायको कानन उभी होती, पोटुशी. तिनेही तेच ऐकलं असावं, कारण ती मटकन खाली बसली. नाखुडी मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "असू दे रे, रडू नकोस." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तो म्हणतोय, नाव हाताच्या अंतरावर होती. तुम्ही दोघांनी त्याच्या डोळ्यात बघितलंत, आणि नाव वळवलीत."

आम्ही ठाकुराणीला भोग चढवला, ओट्यावर लोटांगणं घातली. काही झालं नाही. अख्ख्या गावाला त्याचं बोलणं नीट कळायचं, फक्त या घरातल्या तिघांना बदक ऐकू यायचं. शेजारची सुकांती माउसी मधे बसून त्याचं बोलणं आम्हाला सांगायची, आणि आपल्या पदरचे चार शब्द घालायची. "म्हणतोय, भाउज, तुझ्या आमटीत मीठ कमी." मी म्हणायची, "तो म्हणतोय की तू म्हणतेस?" हसायचो आम्ही. न हसून काय करणार?

चैतात पाखरं उत्तरेला परतली. ज्या दिवशी शेवटचा थवा गेला, त्या दिवशी बिच्छंद ताटावर बसला, काहीतरी बोलला, आणि आम्हाला बदकही ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलत होते.

जेठात काननला मुलगी झाली. सुईण म्हणाली, "काय गळा आहे गं पोरीचा, गावाला जागं करील!" कानन मला अपा म्हणते, थोरली बहीण. माझा हात धरून विचारत होती, "अपा... ती रडली का? रडली का गं?" मी पाहिलं, पोरीचं तोंड वासलेलं होतं, जीभ थरथरत होती. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

माउसी गल्लीतून धावत यायची. "काननी, पोर रडून निळी पडली, बहिरी झालीस काय?" शेवटी कानन पोरीच्या छातीवर हात ठेवून झोपायला लागली. रडली की छाती हलते, तेवढीच खूण. डोळ्याला डोळा लागायचा नाही बिचारीचा. एकदा मला म्हणाली, "कार्तिकात पाखरं येतील ना अपा? बदकाचा तर बदकाचा, पण माझ्या लेकीचा आवाज असेल तो. मी तेवढ्यावर जन्म काढीन." ध्रुब तिचा थोरला दीर, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची आमच्यात रीत नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तिला सांग, येणाऱ्या एकाही पाखराला मी धक्का लागू देणार नाही."

त्याने शब्द पाळला. पावसाळाभर नळबनात एक जाळं उतरू दिलं नाही की एक विळा चालू दिला नाही.

यंदा कार्तिकात, दिवेलागणीला, पहिला थवा उतरला. डोक्यावरून पंखांचा सूं सूं आवाज गेला आणि घरामागच्या पाण्यावर थांबला. कानन हातातलं पीठ तसंच टाकून आत पळाली, मी तिच्यामागे. पोरगी चटईवर जागी होती. कानन दोन्ही हात पुढे करून वाकली.

पोरीने आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आवाज आला.

"अपा, ऐकलंस? ऐकलंस?" कानन हसत होती, रडत होती. "मला हाक मारली गं तिने! काय म्हणाली? आई म्हणाली का?"

मी शिकाऱ्याच्या घरात वाढले, बदकांच्या हाका मला कळतात. जोडीदाराला बोलवायची एक असते, खाणं दिसल्याची एक असते. ही त्यातली नव्हती. माणूस फार जवळ आला, की थव्यातलं राखणीचं बदक धोक्याची जी हाक देतं, ती होती. आणि घरामागे पाण्यावरचा अख्खा थवा फडफडत उठला होता.

"सांग ना, अपा... काय म्हणाली?"

डोळे पुसायला काननने हात मागे घेतले. पोरगी गप्प झाली. बाहेर थवा पुन्हा एकेक करून पाण्यावर उतरला.