अक्काचा ईस्टर

बाहेरून कुलूप फिरल्याचा आवाज आला आणि सलोमीचे हृदय क्षणभर त्या कुलपातच अडकून पडले!

"अक्का, आईकडं लक्ष ठेव गं! मिस्सा झाली की फादरना घेऊनच येतो!" धाकट्या भावाची, दाविदची हाक जिन्यातून आली. पाठोपाठ भावजय प्रियंकाच्या नव्या साडीची सळसळ झाली, आणि स्कूटर जुळे सोलापूरच्या रस्त्याने ईस्टरच्या उपासनेसाठी चर्चकडे निघून गेली.

त्या कुलपात कोणाचाही दुष्टावा नव्हता. वृद्ध आई, चिमाबाई, विस्मृतीच्या घोर अंधारात हरवली होती. आतली कडी ती सहज काढी, आणि एकदा सलोमी स्वयंपाकघरात असताना ती एकटीच थेट विजापूर रोडपर्यंत चालत गेली होती. तेव्हापासून बाहेर जाणारा कुलूप लावूनच जाई... आणि बाहेर जाणारे नेहमी दुसरेच असत!

वडिलांच्या मृत्यूनंतर सांगोल्याहून आलेले स्थळ सलोमीने दाविदच्या शिक्षणासाठी हसतमुखाने परतवले होते. आता दाविद आणि प्रियंका दोघेही दवाखान्यात नोकरीला होते. रविवारीही त्यांना ड्युटी असे, म्हणून सलोमीला आईजवळून हलता येत नसे. ईस्टरला मात्र दोघे आवर्जून सुट्टी घेत. आईच्या आजाराच्या पहिल्या वर्षी दाविद घरी थांबायला तयार झाला तेव्हा सलोमी म्हणाली होती, "तुमी दोघं जावा. मी संध्याकाळच्या मिस्साला जाईन." ते एकच असत्य तिच्याभोवती भिंतीसारखे वाढत गेले. दुपारपासून पाहुण्यांची रीघ लागे, ती चुलीपुढे राही, आणि ती गेली की नाही हे कोणी विचारले नाही... कधीच नाही!

पुनरुत्थानाचा तो पवित्र दिवस! तिकडे पास्कादीप, ईस्टरची ती उंच मेणबत्ती, तेवत असेल, उपवासकाळातल्या चाळीस दिवसांच्या मौनानंतर 'आलेलुया' दुमदुमत असेल... आणि इथे ती तव्यावरच्या शेंगापोळ्या उलटत होती. शेजाऱ्यांना वाटण्यासाठी तिने पहाटेपासून परात भरली होती. ईस्टरचा आनंद सर्वांना मिळाला पाहिजे, हा दाविदचा आग्रह होता आणि तो उदात्तच होता. परंतु त्या आनंदाचा एक कण तिच्या स्वतःच्या ओंजळीत का पडू नये?

उन्हे चढली. जिन्यात हास्याचा गलबला झाला. दाविदने दार उघडले, फादरना आत बसवले आणि परात घेऊन तो प्रथम समोरच्या रेवणसिद्धकाकांकडे गेला. काका पोळीचा तुकडा मोडत गरजले, "दाविदराव, पोळ्या तुमी वाटताय, पण हात अक्कांचा की! त्या कुटं दिसतच न्हाईत. कोंडून ठेवलंय काय?"

सगळे हसले. दाराआड उभी असलेली सलोमीही हसली... आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

परात रिकामी करून दाविद परतला, तेव्हा फादर आईच्या खाटेजवळ बसले. दरवर्षी मिस्सानंतर ते आजाऱ्यांसाठी पवित्र कम्युनियन घरी आणत. छोट्या सोनेरी डबीतून त्यांनी ख्रिस्तप्रसाद काढून चिमाबाईंच्या तळहातावर ठेवला. म्हातारीने तो तोंडात घातला नाही. तिने त्याचे दोन भाग केले आणि एक दाराशी उभ्या सलोमीकडे धरला.

"ह्या पोरीनं खाल्लं न्हाय की! सकाळधरनं राबती हाय. आदी तिला द्या!"

लेकीचे नावही न आठवणारी ती माता!

"सलोमीबाई, तुम्ही आज मिस्साला नव्हतात?" फादरांनी हळूच विचारले.

"अक्का दरवर्षी संध्याकाळच्या मिस्साला जाते, फादर," दाविद अभिमानाने म्हणाला.

"संध्याकाळच्या? अरे दाविद, ईस्टरला आपल्याकडं संध्याकाळी मिस्सा नसतेच!"

दाविदच्या हातातली रिकामी परात खाली आली.

"अक्का... खोटं का बोललीस गं?"

"खरं सांगितलं असतं तर तू थांबला असतास, बाळा. तुझा ईस्टर गेला असता."

"आणि तुझा? मी बाहेरून कुलूप लावत होतो... सगळ्या बिल्डिंगला आनंद वाटत होतो, आणि माझी अक्का आत..." त्याने लहान मुलासारखे तिच्या पायांवर डोके ठेवले. प्रियंका भिंतीला टेकून मुसमुसू लागली.

फादरांनी आईच्या हातातला तो अर्धा भाग उचलून सलोमीपुढे धरला. "ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन..." तिच्या अश्रूंतून शब्द कसाबसा बाहेर पडला.

"ईस्टर एका दिवसात सरत नाही," फादर उठताना म्हणाले. "आठही दिवस ईस्टरच असतो. उद्या सकाळी मिस्सा आहे."

"उद्या मी ड्युटी बदलून घेतो," दाविद डोळे पुसत म्हणाला. "आईजवळ मी बसणार. तू जायचंस, अक्का!"

दुसऱ्या दिवशी प्रियंकाने तिला चर्चच्या फाटकाशी सोडले. सलोमी फाटकातून सावकाश आत निघाली. इतक्या मोकळ्या जागेत कसे चालायचे, हेच जणू ती विसरली होती! आत मोजकीच माणसे होती. पास्कादीप तेवत होता... खराखुरा!

शेवटच्या बाकावरची एक बाई प्रेमाने म्हणाली, "नव्या दिसताय. कुटनं आलात?"

"न्हाय हो, हितलीच हाय मी," सलोमी म्हणाली. "जरा घरात अडकले होते."

बाई सरकली. सलोमी तिच्या शेजारी बसली.