बाईंचा टाका

आता तुम्ही म्हणाल, लोणी काळभोरच्या शेतकऱ्याच्या पोरीचं बॅलेशी काय घेणंदेणं? तिच्या आजोबांनीही हेच विचारलं होतं. पण शेफाली नाचायची, आणि झकास नाचायची.

त्या रविवारी सकाळी ती सदाशिव पेठेत जांभळा दोरा घ्यायला आली. दुकानदार वर न बघता म्हणाला, "जांभळा नाही. आणि एकनंतर मीही नाही."

दोरा हवा होता बुटाच्या फितीला. सत्यशीलाबाईंच्या बॅले क्लासची रीतच होती तशी. प्रयोगाआधी घोट्याला फीत बांधायची, गाठ आत खोचायची, आणि तिच्यावर शेवटचा टाका बाई स्वतः घालायच्या. जांभळ्या दोऱ्याने, दोनदा गाठ मारून. मागच्या वर्षी शेफाली हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, उशिरा पोचली आणि टाक्याला न थांबता स्टेजवर धावली. नाचताना फीत सुटली. आणि ही बया तीनशे लोकांसमोर वाकून फीत बांधत बसली की हो!

बाईंनी आवाज चढवला नाही. "लोक बूट बांधायला शिकायला आले नव्हते. एकदा सुरू केलेला नाच शेवटपर्यंत न्यायचा, बूट पायात असो वा नसो. माझा टाका आता कमवावा लागेल, शेफाली."

कमवायचा राहूनच गेला. जानेवारीत बाई गेल्या. क्लास आता बघणाऱ्या हेमाताईंनी त्यांची ताल द्यायची काठी आणि सुईदोऱ्याची डबी त्यांच्याबरोबरच चितेवर ठेवली. शेफालीला तेव्हापासून धड झोप नव्हती.

त्याच रविवारी चारचा प्रयोग. ती दोनलाच हजर. गुलाबी दोऱ्याने स्वतःच टाका घातला, पाय घसरू नये म्हणून बुटांच्या तळांना राळ लावली आणि डाव्या विंगेत उभी राहिली. तिथे निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. बाई गुडघ्यांना लावायच्या तोच. कुणीतरी लावलं असेल, तिने मनाची समजूत घातली.

एकटीचा नाच, तीन मिनिटांचा. दीड मिनिटाला उजव्या पायाचा गुलाबी टाका तटकन तुटला. फीत घोट्याभोवती सैल झाली. वाकायचं नाही, ती स्वतःला बजावते न बजावते तोच वीज गेली. दिवे बंद, संगीत बंद. बंद सभागृहात मिट्ट काळोख.

कुणीही थांबलं असतं. लोकांनी माफही केलं असतं.

ठक्... ठक्... ठक्...

डाव्या विंगेतून काठीचा ताल आला. अंगावर सर्रकन काटा आला, पण पाय तालावर निघाले ते निघालेच. अंधारात ती फिरली, उडी घेतली, अचूक उतरली. मग डाव्या पायावर तोल सावरून उजवा मागे उचलला, आणि त्या घोट्याला काहीतरी गार लागलं... बोटं. अजिबात घाई नसलेली. ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, खाली बघितलं नाही. हनुवटी वर, चेहऱ्यावर हसू, कुणाला दिसत नव्हतं तरी.

दिवे आले तेव्हा ती शेवटच्या मुद्रेत ताठ उभी होती. टाळ्यांनी सभागृह दणाणून गेलं. अख्खं सभागृह उभं राहिलं. जिंकली पोरगी!

आत हेमाताईंनी तिला कवटाळलं. "अगं, अंधारात कसं जमवलंस गं?"

"तुम्ही ताल देत होता ना..."

"मी? मी जनरेटरवाल्याला शोधत मागच्या दाराशी होते."

शेफाली बाकावर बसून उजवा बूट काढायला गेली, तर फीत सुटेना. "थांब, कापते," म्हणत हेमाताई कात्री घेऊन वाकल्या आणि तशाच राहिल्या.

गाठ नीट आत खोचलेली होती. तिच्यावर जांभळा टाका, दोनदा गाठ मारलेला.

"कापू नका, ताई," शेफाली म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. "कमावलाय मी तो."

हेमाताईंनी बोट दाखवलं. दोरा तोडायचा राहिला होता. त्याच्या टोकाला सुई लोंबत होती, आणि अजून हलत होती.