घुंगरीचा दात

वंशवाचक यंत्राच्या पडद्यावर एकाहत्तर हा आकडा उमटला आणि डॉ. उपासनींनी समाधानानं मान हलवली. श्वानवंश मंडळाच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत नव्वदच्या खालचा आकडा आला की पुढचं काम सोपं असे. पिल्लाचं आणि त्याच्या आईचं निर्बीजीकरण, मालकाची सही, मग चहा. अध्यक्ष म्हणून वीस वर्षांत त्यांनी इतक्या सह्या घेतल्या होत्या, की समोरचा माणूस नाही म्हणू शकतो हेच ते विसरले होते.

"मी सही करणार न्हाई," ताराक्का बंडगर म्हणाल्या.

पंच्याहत्तरीच्या ताराक्का जतजवळच्या माळावर पन्नास वर्षं कारवानी कुत्री पाळत होत्या. मंडळाचा हुकूम आला म्हणून त्या कुत्रीला आणि तिच्या पाच आठवड्यांच्या पिल्लाला घेऊन आल्या होत्या. कुत्री त्यांच्या पायाशी बसली होती आणि पिल्लू तिच्या पोटाशी शिरून खुशाल दूध पीत होतं. आपला वंश इथे संपवायचा घाट घातलाय याचा त्याला पत्ता नव्हता.

यंत्र चालवणाऱ्या डॉ. ऋता केळुसकरांना मात्र होता, कारण हे पिल्लू त्यांनाच मिळायचं होतं. त्यांनी पूर्वी मंडळाच्या शिक्क्याचं, अठ्ठ्याण्णव आकड्याचं पिल्लू घेतलं होतं. चौथ्या वर्षी ते टेकडीवर पळता पळता कोसळलं आणि तिथेच गेलं. त्यानंतर घर खायला उठलं, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या ताराक्कांकडे गेल्या. तिथे पिल्लू विकत घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यापेक्षा अवघड होतं. ताराक्कांनी त्यांना तीनदा परत पाठवलं, पुण्याला येऊन घर पाहिलं, दिवसभर कुत्र्याजवळ कोण असतं ते विचारलं. मग आपली वही पुढ्यात ठेवली. प्रत्येक कुत्र्याचे आईबाप, आजेपणजे, कोण किती जगलं, कोण कशानं मेलं, सगळं तीत लिहिलेलं. प्रत्येक पानाला एक चिंधीची पुरचुंडी शिवलेली, आणि तीत त्या कुत्र्याचा पडलेला दुधाचा दात.

उपासनींनी नियम समजावून सांगितला. अपात्र मादीची सगळी संतती अपात्र, मग तिचा आकडा कितीही असो, ती आधी जन्मलेली असो की नंतर. नोंद झाली की यंत्र हा नियम स्वतःच लागू करतं. कुणी दडपण आणून फिरवू नये म्हणून नोंद खोडण्याची सोय ठेवलेलीच नाही.

"पण ह्यो आकडा मोजतोय काय?" ताराक्कांनी विचारलं.

उपासनींना हा प्रश्न आवडला. बहिरी नावाचा एक देखणा कुत्रा मंडळानं मानक धरला आहे, असं ते म्हणाले. पिल्लाची जनुकं बहिरीच्या जनुकांशी ताडून पाहायची. जितकी जुळतील तितका आकडा. शंभर म्हणजे साक्षात बहिरी.

"म्हणजे ही शुद्धता नाही, सर," ऋता म्हणाल्या. इतकी वर्षं गिळलेला राग आता त्यांच्या आवाजात आला होता. "हे फक्त एका कुत्र्याशी असलेलं साम्य आहे. आकडा वाढवायला लोक भावाबहिणींची पिल्लं काढतात. साम्य वाढतं, तसं बहिरीचं दुबळं हृदयही पिल्लात उतरतं. तो पाचव्या वर्षी पळताना मेला. माझं चौथ्या वर्षी गेलं."

"बहिरीला ऊन लागलं होतं," उपासनी कोरडेपणानं म्हणाले.

ताराक्कांनी वही उघडली, एक पुरचुंडी उसवली आणि पिवळा पडलेला बारका दात टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, "ह्यो तपासा. कुणाचा ते मागनं सांगते. ह्याला नव्वद मिळाले, तर सही करते."

ऋतांनी ते पान ओळखलं. तरी कुणाचं ते न सांगता त्यांनी दात यंत्रात ठेवला.

यंत्रानं दहा मिनिटं घेतली. आकडा आला एकोणसत्तर.

"गावठी," उपासनी हसून म्हणाले, आणि कुणी विचारायच्या आत त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला. मादी, संकरित, प्रजननास अपात्र. नोंद झाली.

"ही घुंगरी," ताराक्का म्हणाल्या. "सोळा वर्सं जगली. माझ्याच माळावरच्या बहिरीची आई."

उपासनींनी पडद्याकडे पाहिलं, मग दाताकडे.

"साहेब, आईकडनं अर्धंच येतंय, बाकीचं बापाचं. आई पोरासारखी हुबेहूब कशी असंल? बहिरीचा बाप काळीज बंद पडून गेला, तवा मी मंडळाला पत्र लिवलं. बहिरीला पळवा, पन वंशाला लावू नगा म्हणून. तुमी त्याचं माप केलं."

यंत्र आपलं काम चोख करत होतं. दाताच्या आणि बहिरीच्या जनुकांवरून मायलेकाचं नातं त्यानं ओळखलं होतं. घुंगरी अपात्र, म्हणून तिची संतती अपात्र. बहिरीचं नाव मानकांच्या यादीतून गेलं. उपासनींनी घाईघाईनं नोंद मागे घ्यायची कळ शोधली. तशी कळच ठेवायची नाही असा ठराव त्यांनीच मांडला होता. त्यांनी ऋतांना पिल्लाचा नमुना पुन्हा लावायला सांगितला. ऋतांनी तो अगदी आनंदानं लावला.

पडद्यावर आकडा आला नाही. फक्त अक्षरं आली: मानक उपलब्ध नाही, तुलना अशक्य.

पिल्लाच्या एकाहत्तरची नोंद सहीसाठी थांबली होती, ती झालीच नव्हती; आता आकडा नाही म्हणजे हुकूम नाही. ताराक्कांनी दात पुरचुंडीत बांधला आणि सहीचा कोरा कागद उपासनींकडे सरकवला. ऋतांनी पिल्लू उचलायला हात पुढे केले, तर ताराक्कांनी ते बाजूला सारले.

"आठ आठवडं झाल्याबिगर आईपासनं तोडत न्हाई. तीन आठवड्यांनी माळावर या."

"आणि हे यंत्र?" उपासनींनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "आता चांगलं पिल्लू ओळखायचं कसं?"

ताराक्कांनी वहीचं शेवटचं पान काढलं. तिथे वाट पाहणाऱ्यांची नावं होती. त्यांनी चष्मा पुसला आणि पेन उघडलं.

"नाव सांगा. पन आधी तुमचं घर बघाय येईन."