पाटीवरची विधवा

सांगलीच्या त्या कलादालनात यंदा चित्रांखालच्या सगळ्या जुन्या पाट्या चाळायला काढल्या होत्या. त्यासाठी चष्म्यासारखं एक यंत्र आलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव ‘दृक्‌विवेचक’, पण सगळे त्याला चाळणीच म्हणत. ते डोळ्यांवर चढवायचं, चित्राकडे बघत पाटी मोठ्यानं वाचायची. चित्रात खरोखर दिसतं तेवढं काचेवर काळ्या अक्षरांत उमटे. बघणाऱ्यानं मनानं घातलेली भर लाल होई.

दिघेबाईंना हा पोरखेळ वाटला. तीस वर्षं दालनाच्या पाट्या त्याच लिहीत आल्या होत्या. एका निनावी चित्रासमोर उभं राहून त्यांनी ठसक्यात वाचलं, “पांढरी साडी, मोकळं कपाळ, झुकलेली नजर. तरुण विधवेचं मूक दुःख.” पहिलं वाक्य काळं राहिलं, दुसरं लालभडक झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं पुटपुटत त्यांनी चष्मा काढून ठेवला. नियमानुसार लाल मजकूर चित्रासह दालनाच्या संकेतस्थळावर गेला. कुणाला माहिती असल्यास कळवावी, अशी विनंती खाली होती.

आठवड्यानं मिरजेहून मार्थाबाई आल्या. वय सत्तरीचं. चित्रातली बाई त्यांची आई होती. ती नर्स, म्हणून पांढरी साडी. घर ख्रिस्ती, म्हणून कुंकू नाही. रात्रपाळी करून आल्यामुळे बसल्या बसल्या डुलक्या घेत होती, इतकंच.

दिघेबाईंचे कान तापले. कपाळ मोकळं दिसलं की बाई विधवा. एवढंच का आपलं जग, असं त्यांच्या मनात आलं. चित्र कुणी काढलं, हे त्यांनी कसंबसं विचारलं.

“माझ्या बाबांनी. शांतवन कसबे. पाटी लागली तेव्हा दोघं बघायला आले होते. आई वाचून हसली. बाबांनी पुन्हा ब्रश हातात धरला नाही.”

“अहो, मग तेव्हाच सांगायचं ना मला.”

“आई म्हणालीच होती. बाबा म्हणाले, शिकलेल्या बाईंनी लिहिलंय, माझ्याच हातून तसं उतरलं असेल.”

दिघेबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटीवर बाबांचं नाव घाला, एवढंच सांगून मार्थाबाई गेल्या.

दालनात आणखी तीनशे चित्रं होती. प्रत्येकाखाली दिघेबाईंचंच अक्षर. ती काढणाऱ्यांपैकी किती जणांनी शिकलेल्या बाईंचं खरं मानून आपलंच खोटं ठरवलं असेल?